गॅरेजमधला मॅप : इंजेक्शन मोटरसायकलच्या घरगुती ट्यूनिंगचा आढावा

१ एप्रिल २०२० रोजी भारतात बीएस-६ उत्सर्जन मानके लागू झाली आणि काही लहान, स्वस्त मॉडेले वगळता नव्या मोटरसायकलींमधून कार्ब्युरेटर गेला. त्याच्याबरोबर गाडीमालकाच्या आणि मिस्त्रीच्या हातातले एक जुने कामही गेले. सुई एक खाच वर घेणे, जेट बदलणे, मिक्स्चर स्क्रू दीड-दोन आटे फिरवून आवाजावरून आयडलिंग लावणे यासाठी स्क्रू ड्रायव्हर आणि तयार कान पुरत असे. आता ते काम ईसीयूमधल्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकातल्या, आकड्यांच्या तक्त्यात गेले आहे. या तक्त्याला गॅरेजमध्ये मॅप म्हणतात. लॅपटॉप, एक केबल आणि थोडी चिकाटी असेल तर घरच्या पार्किंगमध्ये बसूनही तो बदलता येतो. तो बदलावा का, बदलण्याने इंजिनाचे काय होते आणि कायद्याच्या व हवेच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. चर्चेत मात्र ते एकमेकांत मिसळतात. त्यामुळे ट्यूनिंग आवडणारा माणूस कायद्याच्या प्रश्नाला अश्वशक्तीच्या आकड्याने उत्तर देतो आणि कायदा सांगणारा माणूस तांत्रिक प्रश्नाला दंडाच्या रकमेने. हे तीन प्रश्न शक्य तेवढे सुटे करून प्रत्येकात आज काय स्थिती आहे ते पाहायचे आहे. सगळीकडे एक धागा पुन्हा पुन्हा हाती येतो : मॅप बदलण्याची साधने झपाट्याने स्वस्त झाली, पण त्या बदलाचा परिणाम मोजण्याची साधने आणि सवय त्या वेगाने पसरली नाहीत. वादातल्या बहुतेक गाठी या अंतरात पडल्या आहेत, असे माझे मत आहे.

कार्ब्युरेटरपासून मॅपपर्यंत

इंजेक्शन भारतीय मोटरसायकलीत बीएस-६ च्या बरेच आधी आले होते. हिरो होंडाची ग्लॅमर एफआय २००६ ची. २००७ मध्ये बजाजने पल्सर २२० डीटीएस-एफआय आणली आणि २००९ मध्ये त्याच गाडीला कार्ब्युरेटर बसवून तिची किंमत खाली आणली. ग्राहकाला तेव्हा इंजेक्शनसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण दिसत नव्हते, हे या माघारीतून कळते. २००८ मध्ये यामाहाची आर१५ आणि टीव्हीएसची अपाची आरटीआर १६० एफआय आली, २००९ मध्ये रॉयल एन्फिल्डची क्लासिक ५००, आणि २०१२ मध्ये चाकणच्या कारखान्यातून निघालेली केटीएम ड्यूक २००. घरगुती ट्यूनिंगची आजची हौस मुख्यतः या गाड्यांभोवती वाढली. पण इंजेक्शन सर्वत्र आले ते ग्राहकाच्या मागणीमुळे नव्हे, उत्सर्जनाच्या मर्यादेमुळे. बीएस-६ मध्ये मोटरसायकलला दर किलोमीटरला कार्बन मोनॉक्साइड १ ग्रॅम, हायड्रोकार्बन ०.१ ग्रॅम आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ०.०६ ग्रॅम एवढीच मुभा आहे. एवढ्या कमी मर्यादेत राहायचे तर त्रिमार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो आणि तो नीट चालण्यासाठी हवा व पेट्रोलचे प्रमाण रासायनिक समतोलाच्या अगदी जवळ, सतत, राखावे लागते. कार्ब्युरेटरला ते साधणे फार कठीण. म्हणून आजचा मॅप पहिल्यांदा कन्व्हर्टरची गरज भागवतो आणि चालवणाऱ्याच्या मागणीचा विचार त्यानंतर करतो. घरगुती ट्यूनिंगच्या वादाचे मूळ इथे आहे.

मॅप नेमके काय करतो ते एका साध्या हिशेबाने लक्षात येते. २०० सीसीचे एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटलने चालले आहे असे धरू. चार-स्ट्रोक इंजिनाला एका चक्राला दोन फेऱ्या लागतात, म्हणजे एका चक्रासाठी १५ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात सिलिंडरमध्ये साधारण ०.२ ग्रॅम हवा येते आणि तिला सुमारे १५ मिलिग्रॅम पेट्रोल लागते. इंजेक्टरचे तोंड काही मिलिसेकंद उघडे ठेवून ईसीयू ते मोजून सोडतो. किती वेळ उघडे ठेवायचे हे ठरवताना तो थ्रॉटल किती उघडला आहे, इंजिनाच्या फेऱ्या किती, मॅनिफोल्डमधला दाब किती, हवा आणि इंजिन किती गरम आहे आणि बॅटरीचे व्होल्टेज किती, हे सगळे पाहतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचावर आहे आणि तिथे हवेचा दाब कोकण किनाऱ्यापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. घाट चढताना कार्ब्युरेटरची गाडी हळूहळू जड, धुरकट चालू लागते, तर इंजेक्शनची गाडी दाब मोजून पेट्रोल आपोआप कमी करते. ट्यूनरला मिळणारा तक्ता हा या सगळ्या गणिताचा एक भाग आहे. त्यातला एक आकडा बदलला की त्यावर आधारलेल्या दुरुस्त्याही बदलतात, हे ध्यानात ठेवले तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

घरी काय काय बदलता येते

घरगुती ट्यूनिंग म्हणजे एकच कृती नव्हे. सर्वात खालच्या पायरीवर शुद्ध देखभाल आहे : थ्रॉटल बॉडीतली काजळी साफ करणे, एअर फिल्टर आणि प्लग बदलणे, व्हॉल्व्हचे अंतर लावणे, इंजेक्टर स्वच्छ करणे आणि मग ईसीयूला थ्रॉटलची शून्य-स्थिती पुन्हा शिकवणे. मिसिंग मारणारी, आयडलिंगला बंद पडणारी कितीतरी इंजिने एवढ्यानेच सुधारतात. मॅपला दोष देण्याआधी हे झाले पाहिजे, यावर कंपनीचा इंजिनिअर आणि जुना मिस्त्री दोघेही सहमत आहेत. दुसऱ्या पायरीवर सेन्सरला फसवणारी छोटी उपकरणे येतात. आत येणारी हवा आहे त्यापेक्षा थंड आहे असे ती ईसीयूला भासवतात आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. मात्र आयडलिंग आणि सावकाश, एकसारख्या वेगात ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून मिश्रण स्वतः दुरुस्त करत असतो. त्यामुळे ही फसवणूक त्या भागात काही काळात पुसली जाते आणि तिचा परिणाम मुख्यतः थ्रॉटल झटकन उघडताना व पूर्ण थ्रॉटलला उरतो. तिसऱ्या पायरीवर मूळ ईसीयू आणि इंजेक्टर यांच्यामध्ये बसणारे पिगीबॅक संच आहेत. बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक किंवा अमेरिकेच्या डायनोजेटचा पॉवर कमांडर ही त्यांची परिचित उदाहरणे. चौथी पायरी मूळ ईसीयूतला मॅप वाचून, बदलून परत लिहिण्याची, म्हणजे रीमॅपची. पाचव्या पायरीवर मूळ ईसीयू काढून मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखा स्वतंत्र, खुल्या माहितीवर उभा राहिलेला संच बसवला जातो. ही पायरी प्रामुख्याने शर्यतीच्या आणि अभ्यासाच्या गाड्यांसाठी.

प्रत्येक पायरीचा धोका वेगळा आहे आणि तो पायरीच्या क्रमानेच वाढतो असेही नाही. पिगीबॅक काढून टाकला की गाडी पूर्ववत होते, हा त्याचा मोठा गुण. पण ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती आड येऊ नये म्हणून त्याच्यासोबत पुष्कळदा सेन्सरचा खोटा संकेत देणारा तुकडाही लावला जातो. तो लागला की ईसीयूची डोळस बाजू आंधळी होते आणि रोजच्या सावकाश चालवण्यातले मिश्रण केवळ आकड्यांच्या भरवशावर राहते. रीमॅपमध्ये सेन्सरची दुरुस्ती शाबूत ठेवून फक्त पूर्ण थ्रॉटलचा भाग बदलता येतो, म्हणून तत्त्वतः ते अधिक स्वच्छ काम आहे. पण लिहिणे अर्धवट असताना बॅटरीचे व्होल्टेज पडले तर ईसीयू निकामी होऊ शकतो, म्हणून अनुभवी माणूस बॅटरीला चार्जर लावल्याशिवाय हे काम सुरूच करत नाही. राइड-बाय-वायर असलेल्या गाड्यांत धोका आणखी गंभीर आहे. तिथे मूठ आणि थ्रॉटलची झडप यांच्यात तार नसते. झडप किती उघडायची ते ईसीयू ठरवतो. त्या तक्त्यातली चूक पेट्रोल वाया घालवून थांबत नाही. चालवणाऱ्याने मूठ सोडल्यावर गाडी कशी वागते, हेही ती बदलू शकते.

मोजमापाचा प्रश्न

घरगुती ट्यूनिंगच्या बाजूने सर्वाधिक ऐकू येणारे विधान असे : कंपनी गाडी मुद्दाम लीन, म्हणजे पेट्रोल कमी, ठेवते, म्हणून इंजिन गरम होते, पिकअप तुटक येते आणि थोडे पेट्रोल वाढवले की सगळे सुधारते. या विधानात तथ्य आहे, पण अर्धे. एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे रासायनिक समतोलाचे प्रमाण. कन्व्हर्टरसाठी सावकाश चालीत गाडी या प्रमाणाच्या आसपास ठेवली जाते. सर्वाधिक ताकद मात्र त्याहून थोड्या समृद्ध मिश्रणाला, साधारण १२.५ ते १३.२ च्या दरम्यान मिळते. कार्ब्युरेटरच्या सवयीच्या हाताला समतोलाचे मिश्रण लीन वाटते, यात नवल नाही. पण पूर्ण थ्रॉटलला कंपनीचा मॅपही पेट्रोल वाढवतोच, कारण तिथे इंजिनाच्या संरक्षणासाठी ते आवश्यक असते. म्हणजे सुधारणेला जागा सरसकट सगळीकडे नाही. ती काही ठिकाणी आहे : थ्रॉटल नुकताच उघडतानाच्या तुटक प्रतिसादात, फ्री-फ्लो सायलेन्सर लावल्याने हवेचा प्रवाह बदललेल्या फेऱ्यांमध्ये आणि मॅनिफोल्डचा दाब न पाहता फक्त थ्रॉटलच्या कोनावर चालणाऱ्या तक्त्याच्या भागात. या जागा शोधायच्या तर मोजावे लागते.

गाडीतला मूळ ऑक्सिजन सेन्सर यासाठी उपयोगी नाही. तो समतोलाच्या बिंदूवर सुमारे ०.४५ व्होल्टला उडी मारतो आणि मिश्रण त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढेच सांगतो, किती अलीकडे ते सांगत नाही. त्यासाठी वाइडबँड सेन्सर लागतो. वाइडबँडचे संच आता हौशी माणसाच्या आवाक्यात आले आहेत, त्यामुळे मोजमापही स्वस्त झाले, असा आक्षेप माझ्या मुख्य मुद्द्यावर घेता येईल. तो अंशतः बरोबर आहे आणि गेल्या दशकातली ती सर्वात चांगली घडामोड आहे, असेही मी म्हणेन. पण सेन्सर आकडा देतो, अर्थ देत नाही. एका सिलिंडरच्या आखूड सायलेन्सर पाइपमध्ये कमी फेऱ्यांना बाहेरची हवा उलटी आत शिरते आणि सेन्सर खोटे लीन दाखवतो. पाइपच्या जोडातून गळती असली तरी तसेच होते. प्लग चुकला आणि मिश्रण जळलेच नाही, तर न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि आकडा पुन्हा लीन येतो. तो पाहून ट्यूनर पेट्रोल वाढवतो, मिसिंग आणखी वाढते आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून तो जाळते. हा फेरा कोणत्याही उपकरणाने थांबत नाही. इंजिन कसे श्वास घेते, हे समजणाऱ्या माणसानेच तो थांबतो.

पेट्रोलच्या बाबतीत निदान सेन्सर तरी आहे. ठिणगीच्या वेळेच्या, म्हणजे इग्निशन ॲडव्हान्सच्या, बाबतीत घरी जवळपास काहीच नाही, आणि माझ्या मते हा भेद चर्चेत पुरेसा केला जात नाही. ठिणगी किती अंश आधी द्यावी, याचे उत्तर टॉर्क मोजूनच मिळते. ॲडव्हान्स वाढवत नेला की टॉर्क वाढतो, एका ठिकाणी सपाट होतो आणि त्यापुढे नॉकिंग सुरू होते. सपाट भाग कुठे सुरू होतो हे वाइडबँड सांगू शकत नाही. लहान भारतीय मोटरसायकलींमध्ये नॉक सेन्सर सहसा नसतो आणि हेल्मेटच्या आत, वाऱ्याच्या आवाजात, हलके नॉकिंग कानाला कळत नाही. पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात तेव्हा ते कळते. म्हणून पेट्रोलचा तक्ता थोड्या मर्यादेत, नीट मोजून, घरी हाताळणे आणि ठिणगीचा तक्ता घरी हाताळणे या दोन गोष्टी एकाच शब्दाखाली आणणे योग्य नाही. पहिली शिकण्याजोगी आहे. दुसरी डायनोशिवाय, म्हणजे टॉर्क मोजणाऱ्या यंत्राशिवाय, केलेला अंदाज आहे. इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा वाढवण्याबद्दल तर वादही नाही : व्हॉल्व्हच्या स्प्रिंगची आणि कनेक्टिंग रॉडची ताकद सॉफ्टवेअरने वाढत नाही.

मग सगळे डायनोवरच करावे, असे व्यावसायिक ट्यूनर म्हणतात. त्यांची बाजू भक्कम आहे. डायनोवर एकाच भारावर, ठरावीक फेऱ्यांवर इंजिन धरून ठेवता येते, जे रस्त्यावर अशक्य आहे. शिवाय पाचव्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलचे मोजमाप सार्वजनिक महामार्गावर करणे हा इतरांच्या जिवाशी खेळ आहे. पण डायनोचा आकडाही तपासून घ्यावा लागतो. हवेचा दाब आणि तापमान यांची दुरुस्ती वेगवेगळ्या पद्धतींनी होते. जुन्या एसटीडी पद्धतीचा आकडा एसएई जे१३४९ पद्धतीपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त येतो. २० अश्वशक्तीच्या गाडीत हा फरक जवळजवळ एका अश्वशक्तीएवढा आहे, आणि सायलेन्सर व फिल्टर बदलून मिळालेली म्हणून सांगितली जाणारी वाढ पुष्कळदा याच घरातली असते. आधीची आणि नंतरची चाचणी एकाच यंत्रावर, एकाच दिवशी, एकाच दुरुस्ती पद्धतीने, तेल सारखेच गरम असताना आणि प्रत्येकी अनेकदा झाली नसेल, तर त्या वाढीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

मालक, कंपनी आणि हवा

मालकाची बाजू गाडी माझी आहे एवढ्यावर थांबत नाही. तिच्यात एक ज्ञानाचा दावा आहे : जे यंत्र उघडून पाहता येत नाही ते दुरुस्तही करता येत नाही, आणि दुरुस्तीची भाषा फक्त कंपनीच्या अधिकृत सेंटरकडे राहिली तर गावोगावच्या मिस्त्रींचे कौशल्य एका पिढीत संपेल. या दाव्याला अधिकृत पातळीवरही आधार मिळाला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना न देणे हा मुख्य आक्षेप होता. त्यावर पुढे न्यायालयीन लढाया झाल्या, पण मुद्दा नोंदला गेला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत वाहने व त्यांची उपकरणेही ठेवली. मात्र दोष वाचण्याचा, दुरुस्त करण्याचा हक्क आणि मॅप बदलण्याचा हक्क एकच आहेत का, यावर यापैकी कोणीही निर्णय दिलेला नाही. मला ते दोन वेगळे हक्क वाटतात. पहिला देण्याविरुद्ध पटण्याजोगे कारण मला सापडलेले नाही. दुसऱ्याला अटी लागतात.

कंपनीची बाजू जबाबदारीची आहे. गाडी प्रकार-मान्यता घेऊन बाजारात येते. पुण्याची एआरएआय यांसारख्या संस्था तिची चाचणी घेतात, आणि चाचणी झालेल्या मॅपवरच कंपनी उत्सर्जनाची आणि टिकाऊपणाची हमी देते. मॅप बदलला की ती हमी कशाची राहते, हा प्रश्न रास्त आहे. पण बदललेल्या मॅपचा आणि झालेल्या बिघाडाचा संबंध दाखवण्याचे ओझे कोणावर, याचे उत्तर व्यवहारात सहसा मालकाच्या विरुद्ध जाते. पिगीबॅक सापडला म्हणून क्लचचा दावा नाकारणे हे तांत्रिकदृष्ट्या टिकणारे नाही.

तिसरी बाजू या दोघांपैकी कोणाचीच नाही, आणि म्हणून ती सर्वात कमी ऐकू येते. ती शेजाऱ्यांची आहे. भारतातल्या नोंदणीकृत वाहनांत सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी आहेत, त्यामुळे प्रत्येकीतला थोडा फरकही शहराच्या हवेत मोठा होतो. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप लावणे ही कृती मॅपच्या कोणत्याही हुशारीने भरून निघत नाही. आवाजाबद्दल तर पोलिसांनी महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत मोहिमा काढून जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली घातले आहेत. पण हवेच्या बाजूनेही एक अतिशयोक्ती होते. मॅपला हात लावला म्हणजे प्रदूषण वाढलेच, हे गृहीत धरणे चूक आहे. कन्व्हर्टर आणि सेन्सरची दुरुस्ती शाबूत ठेवून फक्त पूर्ण थ्रॉटलचा कोपरा सुधारला, तर शहरातल्या रोजच्या चालीत उत्सर्जन फारसे बदलण्याचे कारण नाही. उलट देखभाल न केलेली, मूळ मॅपवरचीच गाडी जास्त घाण टाकू शकते. अडचण अशी की यातला फरक ओळखण्याचे साधन रस्त्यावर नाही. दुचाकीची पीयूसी चाचणी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. नायट्रोजनची ऑक्साइडे ती मोजत नाही आणि भाराखालचे मिश्रण तिला दिसतच नाही. त्यामुळे गाडी पीयूसी पास झाली, हे मालकाचे समर्थन फार थोडे सिद्ध करते.

कायदा कुठे बोलतो, कुठे थांबतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हवा आणि आवाजाच्या मानकांच्या उल्लंघनाला कलम १९०(२) लागते. तिथे पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि परवान्यावर तीन महिन्यांची गदा येते. कायदा मोघम नाही. पण तो ज्या तपशिलावर बोट ठेवतो तो इंजिन क्रमांक, सीसी, इंधन, रंग, आसने असा डोळ्यांना दिसणारा आहे. मॅपची आवृत्ती नोंदणी पुस्तकात नसते. म्हणून हँडल बदललेली गाडी चौकात अडते आणि ठिणगीची वेळ चार अंशांनी पुढे नेलेली गाडी सरळ निघून जाते. कायद्याच्या हेतूच्या दृष्टीने दुसरा बदल जास्त महत्त्वाचा असू शकतो.

अमेरिकेत हा प्रश्न आधी आणि उघडपणे लढला गेला. तिथला हवा कायदा उत्सर्जन यंत्रणेत फेरफार करणारी उपकरणे विकण्यालाच बंदी करतो. ऑगस्ट २०१६ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने सुमारे ३,४०,००० ‘सुपर ट्यूनर’ विकल्याच्या प्रकरणात १.२ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. दुसरीकडे, २०१५ मध्ये तिथल्या कॉपीराइट व्यवस्थेने वाहनाच्या सॉफ्टवेअरला निदान, दुरुस्ती आणि कायदेशीर बदलासाठी हात लावण्याची मुभा दिली. आणि कॅलिफोर्नियात एखाद्या सुट्या भागाने उत्सर्जन वाढत नाही हे चाचणीत दाखवले, तर त्याला अधिकृत सूट मिळते. म्हणजे तिथे बंदी, मुभा आणि प्रमाणपत्राची वाट या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत. युरोपने २०१३ च्या १६८ क्रमांकाच्या नियमावलीत दुचाकीची मूळ रचनाच फेरफाराला अवघड असावी, असा मार्ग धरला. भारतात प्रमाणित सीएनजी किंवा एलपीजी संच बसवून नोंदणीत बदल करून घेता येतो. इंधन यंत्रणेत बदल आणि त्याची चाचणी, ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. कामगिरीसाठी केलेल्या मॅपला मात्र तशी वाट नाही, आणि शर्यतीच्या ट्रॅकवर चालणारी गाडी व रोजच्या वापराची गाडी यांत फरक करणारी सोपी व्यवस्थाही नाही.

इथेनॉलने वाढवलेली गुंतागुंत

या सगळ्यात इंधनच बदलले : पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाऊ लागले. महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यासाठी इथेनॉल हा अर्थकारणाचा विषय आहे. ट्यूनरसाठी तो प्रमाणाचा विषय आहे. शुद्ध इथेनॉलला एका भागाला फक्त ९ भाग हवा लागते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाचे समतोल प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी सावकाश चालीत ही दुरुस्ती बऱ्याच अंशी स्वतः करते. सेन्सर नसलेली जुनी इंजेक्शन गाडी करत नाही. ती खरोखरच लीन चालते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्याने शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी लावलेल्या दुचाकींचे मायलेज २० टक्के मिश्रणावर ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्यामुळे नॉकिंग थोडे लांबते, हा त्याचा फायदा. पण त्याचा उपयोग करायचा तर ठिणगीचा तक्ता बदलावा लागतो, आणि तोच घरी सर्वात कमी मोजता येतो.

यामुळे जुन्या वादाची एक बाजू सरकली आहे. कालपर्यंत मूळ मॅप हा शुद्धतेचा मापदंड होता. आज जुन्या गाडीतला मूळ मॅप वेगळ्या इंधनासाठी लिहिलेला आहे आणि त्या गाडीत पेट्रोल थोडे वाढवणे म्हणजे तिला मूळ अवस्थेकडे परत नेणे ठरू शकते. कंपन्यांनी अशा गाड्यांसाठी सुधारित मॅप द्यावेत, अशी मागणी वाजवी आहे. ते मिळेपर्यंत समजून, मोजून हा बदल करणाऱ्या मालकाला आणि कन्व्हर्टर काढून फेकणाऱ्याला एकाच कलमाखाली धरणे मला न्याय्य वाटत नाही. यावर असा आक्षेप येईल की एकदा दार उघडले की दोघेही त्यातून आत येतील. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर तपासणीतूनच येऊ शकते.

न सुटलेले प्रश्न

ती तपासणी तांत्रिकदृष्ट्या शक्यतेच्या टप्प्यात येते आहे. एप्रिल २०२३ पासून नव्या दुचाकींना ओबीडी-२, म्हणजे गाडीतल्या स्व-निदान यंत्रणेच्या नियमांचा, पहिला टप्पा आणि एप्रिल २०२५ पासून पुढचा टप्पा लागू झाला. कॅलिफोर्नियात जुलै २०२१ पासून मोटारींच्या नियमित उत्सर्जन तपासणीत ईसीयूतल्या सॉफ्टवेअरची ओळख-संख्या वाचली जाते आणि ती मान्यताप्राप्त नसेल तर गाडी नापास होते. भारतातल्या पीयूसी केंद्रावर उद्या तशी केबल लावली जाऊ शकते. तेव्हा काय होईल, हे आधी काय तयार आहे त्यावर अवलंबून आहे. प्रमाणित मॅपची यादी, इथेनॉलसाठीच्या अधिकृत सुधारणा आणि स्वतंत्र गॅरेजांना निदानाची साधने ही तीन कामे आधी झाली, तर ती केबल चांगला ट्यूनर आणि वाईट ट्यूनर यांत फरक करेल. ती कामे राहून गेली आणि केबल आधी आली, तर इथेनॉलसाठी जुनी गाडी सांभाळणारा, आयटीआयमधून शिकून स्वतःचे गॅरेज टाकणारा आणि सरळ पाइप लावणारा असे तिघेही एकाच नापासाच्या शेऱ्याखाली येतील. त्यांपैकी तिसऱ्याला केबल येण्याच्या आदल्या दिवशी मूळ मॅप परत टाकून घेणे सर्वात सोपे असेल.